अवधानाचा बाजार
(द्वितीय वर्ष कला)

ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या प्रारंभी ज्ञानदेव श्रोत्यांपाशी एक मागणे मागतात. ते मागणे धनाचे नाही, मानाचे नाही, अवधानाचे आहे. श्रोत्यांनी चित्त देऊन ऐकावे म्हणजे ते सुखाचे धनी होतील असा विश्वास ते देतात, आणि हे आपण गर्वाने बोलत नाही अशी विनवणीही लगेच करतात.

वर्गात हा भाग चालला असताना मला माझ्या खिशातल्या मोबाइलची आठवण झाली. त्यातूनही दिवसभर असंख्य माणसे अवधानच मागत असतात. ‘व्हिडिओ शेवटपर्यंत पाहा’, ‘सब्स्क्राइब करा’, ‘घंटीचे बटण दाबायला विसरू नका’ ही वाक्ये आपणा सर्वांना पाठ आहेत. मागणे तेच दिसते. मग दोहोंत फरक कोणता? आणि इंटरनेटवर काही निर्माण करू पाहणाऱ्या आपल्यासारख्या तरुणाने प्रेक्षकाचे लक्ष कोणत्या मार्गाने मिळवावे? या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. मी स्वतः काही काळ एक लहानशी वाहिनी चालविली, त्यात एक चूकही केली. तिचा उल्लेख ओघात येईलच.

लक्षाचे अर्थशास्त्र

अर्थशास्त्र म्हणजे दुर्मीळ वस्तूंच्या वाटपाचे शास्त्र, असे आपण पहिल्या वर्षी शिकतो. अमेरिकन विचारवंत हर्बर्ट सायमन यांनी 1971 साली एका निबंधात याच दृष्टीने माहितीचा विचार केला. माहिती वाढली की ती कशाला तरी खाते. आणि जे खाल्ले जाते ते माणसाचे लक्ष, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. माहितीची सुबत्ता आली की लक्षाचा दुष्काळ पडतो. सायमन यांना 1978 साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा घराघरांत संगणकसुद्धा नव्हता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या दूरदृष्टीचे नवल वाटते.

आज हा दुष्काळ किती मोठा आहे, हे साध्या गणिताने कळेल. 2019 च्या सुमारास यूट्यूबवर दर मिनिटाला 500 तासांहून अधिक लांबीचे व्हिडिओ चढविले जात होते. म्हणजे एका दिवसात 7,20,000 तास. एखाद्याने न झोपता, न जेवता केवळ एका दिवसाचे व्हिडिओ पाहायचे ठरविले, तर त्याला 82 वर्षे लागतील. पाहणाऱ्याचा दिवस मात्र पूर्वीही चोवीस तासांचा होता, आजही तेवढाच आहे. आपल्याकडे 2016 नंतर इंटरनेट स्वस्त झाले. 29 जून 2020 रोजी टिकटॉकवर बंदी आली, आणि त्याच वर्षी जुलैत इन्स्टाग्रामच्या रील्स व सप्टेंबरात यूट्यूबचे शॉर्ट्स भारतात सुरू झाले. दुकाने वाढली, मालही वाढला. गिऱ्हाईकाचा वेळ तेवढाच राहिला.

या व्यवहारात पैसा कोठून येतो, हेही पाहिले पाहिजे. 1833 साली न्यूयॉर्कमध्ये बेंजामिन डे याने ‘सन’ नावाचे वृत्तपत्र काढले. इतर वृत्तपत्रे सहा सेंटला मिळत असता त्याने आपले एका सेंटला विकले. तोटा जाहिरातींतून भरून काढला. अंक वाचकाला विकला जात होता आणि वाचकाचे लक्ष जाहिरातदाराला विकले जात होते. आजचा व्यवहार याच जातीचा आहे. यूट्यूबवर लांब व्हिडिओच्या जाहिरातींचे 55 टक्के उत्पन्न निर्मात्याला मिळते, उरलेले कंपनी ठेवते. पण त्या पंक्तीत बसण्यासाठी 2018 पासून एक अट आहे: निदान 1,000 सब्स्क्राइबर आणि बारा महिन्यांत 4,000 तास पाहिले गेलेले व्हिडिओ. 4,000 तास म्हणजे 2,40,000 मिनिटे. प्रत्येक वेळी प्रेक्षक सरासरी चार मिनिटे थांबला असे धरले, तरी व्हिडिओ साठ हजार वेळा पाहिला जायला हवा. शॉर्ट्सवाल्यांना दुसरा मार्ग आहे, पण तेथे नव्वद दिवसांत एक कोटी वेळा पाहिले जावे लागते. खेड्यातल्या मुलाला हा डोंगर केवढा वाटतो, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

निवड कोण करतो?

आपण मोबाइल उघडतो तेव्हा समोर आलेले व्हिडिओ आपण निवडलेले नसतात. ते आपल्यासाठी निवडलेले असतात. ही निवड यंत्र करते. पूर्वी व्हिडिओ किती वेळा उघडला गेला, याला फार महत्त्व होते. परिणामी खोटी चित्रे आणि खोटी शीर्षके लावून व्हिडिओ उघडायला लावण्याची रीत पडली. 2012 साली यूट्यूबने धोरण बदलले आणि प्रेक्षक किती वेळ पाहत राहिला, याला अधिक महत्त्व दिले. 2016 साली गूगलच्या संशोधकांनी या निवडीची पद्धत एका निबंधात मांडली. ती दोन पायऱ्यांची आहे. अफाट साठ्यातून प्रथम काहीशे व्हिडिओ वेगळे काढायचे. मग हा विशिष्ट माणूस कोणता व्हिडिओ किती वेळ पाहील, याचा अंदाज बांधून त्यांचा क्रम लावायचा.

यामुळे निर्मात्याची स्थिती चमत्कारिक झाली आहे. त्याला प्रेक्षकापुढे जायचे असते, परंतु आधी द्वारपालाला प्रसन्न करावे लागते. या द्वारपालाला विषय आवडत नाही किंवा नावडत नाही. तो मुख्यतः घड्याळ पाहतो.

कीर्तनकाराचा डोळा आणि मोबाइलचा आलेख

लक्ष खिळवून ठेवण्याची विद्या आपल्याला नवी नाही. तमाशात गण आणि गवळण झाल्यावर बटावणी येते. सोंगाड्याच्या हजरजबाबीपणाने लोक सैलावतात, हसतात आणि मग वगासाठी तयार होतात. नारदीय कीर्तनाची रचना तर अभ्यासण्यासारखी आहे. पूर्वरंगात अभंगाचे निरूपण, म्हणजे अवघड भाग. उत्तररंगात आख्यान, म्हणजे गोष्ट. गोड घास शेवटी ठेवलेला असतो. आजच्या व्हिडिओत मात्र सर्वांत चटकदार तुकडा पहिल्या काही सेकंदांत ठेवतात, कारण प्रेक्षकाचे बोट सरकण्याच्या तयारीतच असते. देवळात बसलेला माणूस सहसा आख्यानाआधी उठत नाही. शेजारी गाववाले बसलेले असतात. उठायला थोडा संकोच वाटतो. अंगठ्याला असला संकोच नाही.

दुसरा फरक मला अधिक महत्त्वाचा वाटतो. श्रोते पेंगू लागले की कीर्तनकाराला ते दिसते. तो विठ्ठलनामाचा गजर करतो, टाळ वाजतात, मंडप जागा होतो. निर्मात्यालाही प्रेक्षक उठून गेल्याचे कळते. यूट्यूब त्याला एक आलेख दाखविते. कोणत्या सेकंदाला किती प्रेक्षक उरले होते, ते त्यावर रेषेने काढलेले असते. परंतु माणूस केव्हा गेला हे त्या रेषेवरून कळते. का गेला, हे कळत नाही. कंटाळून गेला, की कोणी हाक मारली म्हणून गेला, की हवे ते मिळाले म्हणून समाधानाने गेला? तिन्ही ठिकाणी रेषा सारखीच खाली येते.

एक अनुभव

आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. वडील कांदा पिकवितात. दहावीची परीक्षा झाल्यावर, 2022 च्या उन्हाळ्यात, मी वडिलांचा मोबाइल घेऊन कांद्याची चाळ कशी भरावी यावर अकरा मिनिटांचा व्हिडिओ केला. पाखी चार फुटांहून रुंद का नसावी, तळाशी मोकळी जागा का सोडावी, ओला किंवा मार लागलेला कांदा आत का जाऊ देऊ नये, हे वडिलांनी कामाच्या ओघात सांगितले होते. महिनाभरात तो जेमतेम तीनशे वेळा पाहिला गेला. आलेखात पाहिले तर बहुतेक माणसे तिसऱ्या मिनिटाच्या आत गेली होती. मी खट्टू झालो.

पुढे 2023 च्या फेब्रुवारीत कांद्याचे भाव कोसळले. वाहतुकीचा खर्चही निघणार नाही असे दिसल्यावर वडिलांनी ट्रॉलीतला माल बांधावर ओतला. मी मोबाइल धरून उभा होतो. ओतताना धुरळा उडाला, वडिलांनी उपरण्याने डोळे पुसले. तेवढा चाळीस सेकंदांचा तुकडा मी कापला, त्याला एक करुण गाणे जोडले आणि वर लिहिले: ‘बाप रडला’.

दोन दिवसांत तो दोन लाखांवर माणसांनी पाहिला. मला आनंद झाला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. रात्री दोनदा उठून मी आकडा पाहिला. तिसऱ्या दिवशी मामांचा फोन आला, मग आत्याचा. बाजारात कोणी तरी वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून धीर दिला. संध्याकाळी त्यांनी मला विचारले,

“मी कधी रडलो रे?”

“नाही रडलात, दादा.”

“मंग तसं कशाला लिहिलं? धुरळा गेला व्हता डोळ्यात.”

ते रागावले नाहीत, याचेच मला अधिक लागले. तोट्याचे दुःख त्यांना होते. ते त्यांनी चारचौघांत दाखविले नव्हते आणि मी ते त्यांच्या नावाने दोन लाख लोकांना दाखविले होते. व्हिडिओ मी त्याच रात्री काढून टाकला. परंतु तोवर तो इतरांनी उतरवून घेतला होता. अजूनही तो कधी कधी दुसऱ्याच्या वाहिनीवर, दुसऱ्या गाण्यासह फिरताना दिसतो. तेथे कोणी विचारणारे नाही. म्हणून येथे लिहितो की माझे वडील त्या दिवशी रडले नव्हते.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेजारच्या तालुक्यातून एका शेतकऱ्याचा फोन आला. चाळीचा व्हिडिओ त्यांनी पाहिला होता. मी सहज विचारले, “पूर्ण पाहिला का?” ते म्हणाले, “नाही भाऊ. पाखीचं माप समजलं, तिथंच बंद केला आणि कामाला लागलो.” ज्या प्रेक्षकाला मी आलेखात गमावलेला समजत होतो, तो असा निघाला.

मोठ्यांची शर्यत आणि आपली वाट

लक्षाच्या बाजारात केवळ आकड्यांसाठी उतरणाऱ्याला बोली चढवीत न्यावी लागते. अमेरिकेतील जिमी डोनाल्डसन हा ‘मिस्टरबीस्ट’ या नावाने प्रसिद्ध असलेला निर्माता 2017 साली कॅमेऱ्यापुढे एक ते एक लाख असे मोजत बसला, आणि त्या विक्षिप्त चिकाटीने लोकांचे लक्ष वेधले. पुढे 2021 साली त्याने एका गाजलेल्या कोरियन मालिकेतील खेळ 456 स्पर्धकांना घेऊन प्रत्यक्षात उभा केला आणि विजेत्याला 4,56,000 डॉलर दिले. मोजण्यापासून येथवर पुरती पाच वर्षेही लागली नाहीत. त्याची कल्पकता आणि मेहनत नाकारता येणार नाही. पण हा मार्ग तुमच्या-माझ्यासाठी नाही, कारण येथे कालच्यापेक्षा आज मोठे काही तरी करावेच लागते. ज्याच्याजवळ पैसा नाही तो मग जवळ असेल ते पणाला लावतो. कोणी जीव धोक्यात घालून रील करतो, कोणी घरातले भांडण दाखवितो, आणि कोणी बापाचे डोळे.

याउलट आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासार गावच्या सुमन धामणे यांचे उदाहरण पाहावे. सत्तरीच्या सुमारास असलेल्या या आजींच्या पाककृती नातवाने चित्रित केल्या आणि ‘आपली आजी’ ही त्यांची वाहिनी 2020 साली महाराष्ट्रभर माहीत झाली. त्यात प्रचंड खर्च नाही, धक्का देणारे काही नाही. आजी घरच्या भाषेत बोलतात आणि त्यांना जे येते ते दाखवितात. पाहणाऱ्याच्या घरी त्या दिवशी भाजी चांगली होते, म्हणून तो पुन्हा येतो. सर्वांनाच असे यश मिळेल असे नाही. ही वाट संथ आहे, पण तिच्यात रोज नवे काही पणाला लावावे लागत नाही.

समारोप

लक्ष वेधणे हा काही गुन्हा नाही. सोंगाड्या ते करतो, कीर्तनकार करतो, बाजारातला भाजीवालाही हाक देऊन करतो. प्रश्न हाकेनंतरचा आहे. भाजीवाल्याने ‘ताजी मेथी’ म्हणून हाक दिली तर पाटीत ताजी मेथी हवी. शीर्षक आकर्षक असावे, आरंभ पाल्हाळाचा नसावा, हे कौशल्य आपण अवश्य शिकावे. माझ्या अकरा मिनिटांतली तीन मिनिटे निव्वळ नमस्कार-चमत्कारातच गेली होती, हे आता मला कळते. परंतु शीर्षकाने जे कबूल केले ते आत असावे, आणि ज्याचे चित्र घेतले त्याला ते दाखवून, विचारून मगच लोकांपुढे न्यावे. एवढे दोन नियम मी स्वतःपुरते केले आहेत.

आपल्यापैकी पुष्कळ मित्र-मैत्रिणी आज वाहिन्या चालवितात. कोणी कविता वाचते, कोणी स्पर्धा परीक्षेचे धडे देते. आकडा कमी दिसला म्हणून त्यांनी खचून जाऊ नये, आणि वाढला म्हणून आपण बरोबरच आहोत असेही मानू नये. ज्याने आपल्याला त्याच्या दिवसातली चार मिनिटे दिली, तो उठून गेल्यावर त्याच्या हाती काय उरले, हे कोणत्याही आलेखात दिसत नाही. त्याचा हिशेब ज्याचा त्याने ठेवायचा आहे.

गेल्या उन्हाळ्यात मी चाळीचा व्हिडिओ पुन्हा केला. आता तो चार मिनिटांचा आहे. पाखीचे माप पहिल्याच मिनिटात सांगितले आहे. अपलोड करण्यापूर्वी वडिलांना दाखविला. त्यांनी दोनदा पाहिला आणि तळाच्या विटा दाखवायच्या राहिल्या, एवढीच चूक काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही विटांचे चित्रण करून ते मध्ये जोडले.