कुंग फूवाल्याच्या हाती क्यू

प्रश्न : स्टीफन चाऊचा ‘लेजंड ऑफ द ड्रॅगन’ हा हाँगकाँगचा सिनेमा पाहिला. कुंग फू शिकलेला खेडवळ मुलगा शहरात येऊन स्नूकरमध्ये भल्याभल्यांना हरवतो. शेवटी त्याच्यासमोर येणारा गोरा खेळाडू खरा आहे का? चेंडू वळवण्याचे फटके खरंच मारता येतात का? आणि हाँगकाँगमध्ये स्नूकर आलं कुठून?

उत्तर : खेळाडू अगदी खरा. तो लंडनचा डावखुरा जिमी व्हाइट, सिनेमात स्वतःच्याच भूमिकेत आहे. झपाटल्यासारखा खेळायचा, म्हणून टोपणनाव ‘वावटळ’. जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी त्याने सहा वेळा गाठली आणि सहाही वेळा हरला. १९९४ साली तर १७-१७ अशी बरोबरी होती. निर्णायक फ्रेममध्ये, म्हणजे शेवटच्या डावात, त्याचा काळा चेंडू हुकला आणि स्टीफन हेंड्री जिंकला. ते आठवलं की आजही चुटपुट लागते.

आता फटक्यांचं. कॅरममध्ये सोंगटी आड आली की आपण स्ट्रायकर कडेला आपटून वळसा घालतो. स्नूकरमध्येही तो मार्ग आहेच, पण आणखी एक आहे. क्यूची, म्हणजे खेळायच्या काठीची, मागची बाजू उचलायची आणि पांढऱ्या चेंडूच्या मध्याऐवजी कडेजवळ, वरून खाली टोला द्यायचा. चेंडू सुटतो सरळच, पण स्वतःभोवती तिरका गरगरत. टेबलावरचं लोकरी कापड त्या गिरकीला धरतं आणि चेंडूला हळूहळू बाजूला ओढतं. म्हणून त्याची वाट वाकते. यात जादू काही नाही, पण हात बसायला वर्षं जातात.

मात्र आडवा आलेला चेंडू उडी मारून ओलांडणं वेगळं. ‘पूल’ या खेळात तसं चालतं. स्नूकरमध्ये तो फाऊल, आणि प्रतिस्पर्ध्याला किमान चार गुण मिळतात. फटका मारताना एक पाय जमिनीवर टेकलेला हवा, हाही नियमच. म्हणजे खऱ्या स्नूकरमध्ये कुंग फूतल्या उड्यांना जागाच नाही.

मग कुंग फूचा संबंध काय? मला तो उड्यांत नाही, स्थिर उभं राहण्यात दिसतो. कुंग फूचा विद्यार्थी आधी पाय रोवून तासन्‌तास उभं राहायला शिकतो. स्नूकरपटूही हनुवटी क्यूला टेकवतो आणि कोपरापासूनचा हात सोडला तर सगळं अंग गोठवतो. बारा फुटी टेबलाच्या दुसऱ्या टोकाचा चेंडू घालवायचा, तर खांदा किंचित हलला तरी नेम गेलाच.

हाँगकाँगमध्ये हा खेळ ब्रिटिशांच्या राजवटीमुळे रुजला. त्यामुळे तो इंग्लंडात जन्मला असं बहुतेकांना वाटतं, पण जन्म आपल्या जबलपूरचा. १८७५ साली पावसाळ्यात छावणीत अडकलेल्या लष्करी अधिकाऱ्यांनी बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत चेंडू वाढवत हा खेळ जुळवला, असं त्यांच्यातल्याच नेव्हिल चेंबरलेनने पुढे सांगितलं. (ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेन ते निराळे.) स्नूकर म्हणजे त्या काळच्या लष्करी बोलीत नवखा शिकाऊ. जोडीदाराचा सोपा चेंडू हुकला तेव्हा चेंबरलेनने त्याला ‘स्नूकर’ म्हणून चिडवलं आणि तेच नाव खेळाला चिकटलं.