टाकीत उतरण्याआधीचा खर्च

गळीत हंगामाआधी साखर कारखान्यांत मळीच्या टाक्या साफ होतात. नवरात्रात तुळजापूरला गर्दी लोटते, की लॉज आणि भक्तनिवासांच्या सेप्टिक टाक्यांवर ताण येतो. धाराशिव जिल्ह्यातल्या ठेकेदारांनी, लॉजमालकांनी कामगारांच्या सुरक्षा प्रशिक्षणाचा हिशेब या दोन्हींच्या महिनाभर आधी मांडावा.

पहिला प्रश्न, पैसे कोणी द्यायचे? मालकाने. व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक २०२० ची संहिता कामाच्या जागी सुरक्षेसाठी केलेल्या कोणत्याही गोष्टीचे पैसे कामगाराकडून घेऊ देत नाही. बूट-हातमोज्यांचे पैसे पगारातून कापणारा ठेकेदार कायदा मोडतो. प्रशिक्षणाच्या दिवसाची हजेरीही भरली पाहिजे. हजेरी बुडणार असेल तर रोजंदारीवरचा माणूस येणारच नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

सेप्टिक टाकीसाठी सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे माणूस उतरवूच नये. सक्शन गाडीची खेप अंतर आणि टाकीच्या आकारानुसार साधारण दीड ते चार हजारांत होते. साधनांशिवाय माणूस उतरवला तर हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गटार-सफाईत मृत्यू झाल्यास कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले आहे.

कारखान्यात मात्र कधी कधी उतरावेच लागते. तिथे काटकसर नको. आंबलेल्या मळीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. मैल्याच्या टाकीतल्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास असतो, पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते. ‘वास येत नाही, म्हणजे हवा चांगली’ हा समज जीव घेतो. प्राणवायू १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर तसेच उतरायचे नाही, आणि ते फक्त यंत्रच सांगते. चार वायू मोजणारे यंत्र साधारण ३० ते ६० हजारांना मिळते. त्याचे कॅलिब्रेशन ठरल्या वेळी करावे लागते, तो खर्च वेगळा धरा. तिपाई आणि विंच यांनाही तेवढेच पैसे पडतात. अंगभर पट्ट्यांचा हार्नेस दीड ते पाच हजारांना येतो. दीड-दोन हजारांचा फिल्टरचा मास्क टाकीसाठी घेऊ नका. फिल्टर वायू गाळतो, प्राणवायू तयार करत नाही. हवेचे सिलिंडर पाठीवर घेणारा संच महाग असतो, साधारण ५० हजारांच्या पुढे, पण हवा खराब असताना आत जावेच लागले तर असाच संच लागतो. हे दर विक्रेत्यागणिक बदलतात, दोन-तीन कोटेशन मागवा.

प्रशिक्षकाला विचारा, टाकीबाहेर थांबणाऱ्या माणसाला काय शिकवणार? अशा अपघातांत पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसरा आणि तिसराही जातो. तो भाऊ असतो, गाववाला असतो. म्हणून बाहेर थांबणाऱ्याला आत न उतरता मदतीची हाक देणे, विंच फिरवणे आणि ११२ ला फोन करणे हातात बसेपर्यंत शिकवलेच पाहिजे. नुसत्या स्लाइड दाखवणाऱ्याला पैसे देऊ नका. शीवची केंद्रीय श्रम संस्था आणि नवी मुंबईची राष्ट्रीय सुरक्षा परिषद अभ्यासक्रम घेतात. दहा-बारा माणसे मुंबईला पाठवण्यापेक्षा प्रशिक्षकालाच कारखान्यावर बोलावणे बहुधा परवडते, शिवाय सराव स्वतःच्या टाकीवर होतो.

नगरपालिकेच्या गटार व सेप्टिक टाकी सफाई कामगारांसाठी केंद्राची ‘नमस्ते’ योजना आहे. नोंदणी झाली की सुरक्षा संच, प्रशिक्षण आणि आयुष्मान कार्ड त्यातून मिळते. ठेकेदाराच्या कामगारांनीही नगरपालिकेत चौकशी करावी.

टाकीइतकेच जोखमीचे आणखी एक सफाईकाम दवाखान्यांत असते. दवाखान्याचा कचरा उचलणाऱ्यांना २०१६ च्या नियमांनुसार रुजू होताना आणि नंतर दरवर्षी प्रशिक्षण, तसेच कावीळ ‘ब’ आणि धनुर्वाताची लस देणे बंधनकारक आहे. सुई टोचली तर जखम साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, आणि लगेच शासकीय रुग्णालय गाठा. एचआयव्ही रोखणारे औषध ७२ तासांच्या आत सुरू झाले पाहिजे, जितके लवकर तितके बरे, आणि सरकारी रुग्णालयात ते मोफत मिळते.

प्रशिक्षणाचे बिल चुकते करण्याआधी प्रमाणपत्राची एक प्रत प्रत्येक कामगाराच्या हातात द्यायला लावा. ठेकेदार बदलला तरी ती त्याच्याजवळ राहते.