फ्रायलासिंगच्या फलाटावर

२०२४ चा ऑक्टोबर. म्युनिकला राहणारे आम्ही पाच मराठी मित्रमैत्रिणी शनिवार-रविवार गाठून ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गला आणि तिथून हालाइनला गेलो. साध्या प्रादेशिक गाडीनं साल्झबुर्ग साधारण दोन तासांवर. पुण्याहून मुंबईला जावं तशीच तयारी: पाठीला सॅक, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. शुक्रवारी रात्री ठरलं, शनिवारी सकाळी निघालो. आपण दुसऱ्या देशात चाललोय हे कुणाच्या मनातही आलं नाही.

रविवारी हालाइनजवळची मिठाची खाण पाहिली. अंगात पांढरे कपडे, खाली उतरायला लाकडी घसरगुंड्या आणि डोंगराच्या पोटात खाऱ्या पाण्याचं तळं. बोगद्यात एके ठिकाणी ऑस्ट्रिया संपून जर्मनी सुरू होतो. १८२९ मध्ये बव्हेरिया आणि ऑस्ट्रिया यांच्यात करार झाला आणि ऑस्ट्रियाला हद्दीपलीकडचं, बव्हेरियाच्या जमिनीखालचं मीठ काढायची मुभा मिळाली. आम्ही जमिनीखालून हद्द ओलांडली, परत आलो, फोटो काढले. कुणी कागद मागितला नाही.

त्याच रात्री साडेनऊच्या सुमारास परतीची गाडी फ्रायलासिंगला थांबली. हद्द ओलांडल्यावरचं हे जर्मनीतलं पहिलं स्टेशन. पोलीस डब्यात चढले. आमच्या नागपूरच्या मैत्रिणीनं वास्तव्य परवान्याचं कार्ड पुढे केलं. पोलिसानं ते पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "आणि पासपोर्ट?" तिनं सॅक उघडली. चटणीची डबी, चार्जर, ओला रुमाल, सगळं सीटवर आलं. शेवटच्या कप्प्यात हात घातला आणि तो तिथेच थांबला. पासपोर्ट म्युनिकच्या खोलीत, कपाटाच्या खणात होता.

तिला खाली उतरवलं. तिला एकटीला सोडवेना म्हणून मीही उतरले. दार बंद झालं, गाडी गेली. तेव्हा लक्षात आलं की आमचं तिकीट गाडीबरोबर गेलं. पाचही जणांचं मिळून एकच बायर्न तिकीट, आणि ते सांगलीच्या मित्राच्या फोनवर.

तिच्याबरोबर राहणाऱ्या मुलीला फोन करून पासपोर्टचा फोटो मागवला. फोटो म्हणजे पासपोर्ट नव्हे, पण नंबर हाती आल्यानं पडताळणी सोपी झाली. पाऊण तासानं तिला समज देऊन सोडलं. तेवढा वेळ ती एक शब्द बोलली नाही. कुणी तिच्याशी वाईट वागलं नव्हतं. तरी परक्या देशात, रात्री, गणवेशातल्या माणसासमोर आपण कोण हे सिद्ध करावं लागणं माणसाला आतून हलवतं. तिचा गार पडलेला हात मला अजून आठवतो.

म्हणून नव्यानं आलेल्या प्रत्येकाला मी हे कळकळीनं सांगते. जर्मनीचा वैध परवाना असला की शेंगेनच्या इतर देशांत १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येतं, हे खरं. पण ते कार्ड पासपोर्टच्या जोडीनंच चालतं. एका दिवसाची सहल असली तरी दोन्ही जवळ हवीत, आणि दोन्हींच्या मुदती घरीच पाहून घ्याव्यात. ऑस्ट्रियाच्या हद्दीवर जर्मनीची तपासणी २०१५ पासून आहे. १६ सप्टेंबर २०२४ पासून ती जमिनीवरच्या सगळ्याच सीमांवर सुरू झाली. जाताना कुणी विचारलं नाही म्हणून येतानाही विचारणार नाहीत, हा हिशोब चुकतो.

तिकिटाचंही नीट समजून घ्या. बायर्न तिकीट साल्झबुर्गपर्यंतच चालतं. हालाइनला जायला वेगळं घ्यावं लागतं. जलद गाड्यांत ते चालत नाही. त्यावर पाच नावं असली तरी ते एकत्र प्रवास करणाऱ्यांसाठी असतं, अर्धे पुढच्या गाडीत आणि अर्धे मागच्या गाडीत असं जमत नाही. "मी तुम्हाला स्क्रीनशॉट पाठवतो," असं मित्र फोनवर म्हणत होता. आम्ही ते टाळलं आणि स्टेशनवरच्या मशीनमधून दोघींचं नवं तिकीट काढलं. विनातिकीट सापडलं तर ६० युरो भरावे लागतात, आणि त्या रात्री आणखी कुणापुढे खुलासे देत बसायची आमची ताकद नव्हती. कुणाला उतरावं लागलं तर सगळ्यांनीच उतरायचं, हे आम्ही आता निघण्यापूर्वीच ठरवतो.

हल्ली सहलीला निघताना नागपूरकरीण दारात उभी राहते. प्रत्येकाचा पासपोर्ट आणि कार्ड हातात घेऊन मुदत वाचते, मगच बाहेर सोडते. गेल्या वेळी सांगलीकर "असेल गं सॅकमध्ये" म्हणाला. तिनं त्याला सॅक उघडायला लावली. पासपोर्ट नव्हता. तो घरी जाऊन येईपर्यंत आमची गाडी गेली. आम्ही पुढच्या गाडीनं निघालो, पाचही जण.