नवीन मशीन बसवलंय? पहिले दहा तास सांभाळा

31 जुलैला बंदी संपते आणि 1 ऑगस्टला सीझन उघडतो. आपल्यातल्या काही सभासदांनी यंदा कर्ज काढून नवीन मशीन घेतलंय. पहिल्याच दिवशी जाळी, बर्फ, माणसं भरून फुल रेसमध्ये बांगड्याच्या मागे धावायचा मोह सगळ्यांनाच होतो. तो आवरा. का ते सांगतो.

नवीन सिलिंडरची आतली भिंत हाताला गुळगुळीत वाटते, पण तिच्यावर मुद्दाम बारीक तिरक्या रेघा पाडलेल्या असतात. त्या रेघांत ऑईल टिकतं. पिस्टनच्या रिंगा या भिंतीवर घासून घासून नीट बसायला लागतात. एकदा बसल्या की कॉम्प्रेशन पक्कं. बसायच्या आधीच जोर दिला तर घासण्याची उष्णता जास्त होते, पिस्टनला ओरखडे पडतात, कधी मशीन जामही होतं. मग ऑईल खाणं, धूर आणि ओढ कमी.

गाडीवाले म्हणतील, आम्हीही पहिले हजार किलोमीटर जपूनच चालवतो. खरं आहे. पण गाडीला उतार मिळतो, पाण्यात उतार नाही. पंखा फिरतोय तोवर मशीनवर ओझं आहेच.

चार स्ट्रोकच्या आऊटबोर्डला बहुतेक कंपन्या दहा तास सांगतात. साधारण असं: पहिला तास 2000 आरपीएम, म्हणजे अर्ध्या थ्रॉटलपर्यंत. दुसरा तास 3000, म्हणजे पाऊण. उरलेले आठ तास कसंही चालवा, पण फुल थ्रॉटल एका वेळी पाच मिनिटांच्या वर नको. एकाच स्पीडवर तासभर धरून ठेवू नका, कमी-जास्त करत राहा. म्हणून पहिल्या फेऱ्या जवळच्या आणि हलक्या करा. दोन तास खाडीतच फिरलात तरी चालेल, डिझेल-पेट्रोल वाया गेलं असं समजू नका.

दोन स्ट्रोकला पेट्रोलमध्येच ऑईल मिसळायचं असेल तर सुरुवातीला जास्त लागतं. बऱ्याच मशीनांना आधी 25 ला 1 आणि नंतर 50 ला 1. म्हणजे 20 लिटरच्या टाकीला आधी 800 मिली, नंतर 400. नंतरही 800 च घालत राहिलात तर प्लग काळे होतात. ऑईल आऊटबोर्डचंच घ्या, टीसी-डब्ल्यू3 लिहिलेलं. मोटारसायकलचं टूटी स्वस्त पडतं म्हणून ओतणारे आहेत आपल्यात, नाव घेत नाही!

ट्रॉलरच्या इनबोर्ड डिझेलची गोष्ट थोडी उलटी आहे. तिथे जास्त जपणंही वाईट. जेट्टीला बांधून तासन्‌तास आयडलवर ठेवलं तर लायनर चकचकीत होतो, रिंगा बसतच नाहीत आणि ऑईल वर येतं. गरम झाल्यावर मध्यम लोड द्या, अधूनमधून वाढवा, परत उतरवा. शाफ्टचं कपलिंग ट्रॉलर पाण्यात उतरल्यावर पुन्हा तपासून घ्या, कारण जमिनीवर आणि पाण्यात लाकूड सारखं बसत नाही.

चालू केल्यावर लगेच मागे बघा, कुलिंगचं पाणी पडतंय ना. धार बारीक झाली तर तिथेच बंद.

पहिल्या ऑईलमध्ये घासलेल्या धातूचा कीस उतरतो. म्हणून चार स्ट्रोक आऊटबोर्डचं पहिलं ऑईल साधारण 20 तासांनी, मोठ्या डिझेलचं बहुधा 50 तासांनी, फिल्टरसकट बदला. गिअर ऑईल विसरू नका. "अजून स्वच्छ दिसतंय" हे कारण चालणार नाही. मशीनचे तास वहीत लिहा, तारखेसह. वॉरंटीचं काम निघालं तर ती वही आणि सर्व्हिसचं बिल दोन्ही मागतात.

आकडे मशीनप्रमाणे बदलतात, शेवटचा शब्द तुमच्या मशीनच्या पुस्तकाचा. ते इंग्रजीत असतं आणि खोक्यातच राहतं. ज्यांना वाचायला अडचण आहे त्यांनी संध्याकाळी सोसायटीच्या कचेरीत पुस्तक घेऊन यावं, मिळून वाचू. पहिल्या फेरीच्या आधी या.