गाठीवरून माशीची ओळख

शाळेच्या बागेत मुळ्याच्या पानांवर काळपट अळ्या दिसल्या, तेव्हा ‘या फुलपाखराच्या अळ्या’ असे फळ्यावर लिहून आम्ही मोकळे झालो. एका विद्यार्थ्याने भिंगातून पाय मोजले आणि आमची चूक उघडकीस आली. फुलपाखराच्या अळीच्या पोटाखाली मांसल पायांच्या फार तर ५ जोड्या असतात. या अळीला ८ होत्या. ती करवत माशीची अळी होती.

नावात ‘माशी’ असली तरी ही घरमाशीच्या गणातील नव्हे. घरमाशीला पंखांची एकच जोडी असते, हिला दोन. मुंगी, मधमाशी व गांधीलमाशी यांचा हायमेनॉप्टेरा हाच हिचा गण. मात्र गांधीलमाशीसारखी हिची कंबर बारीक नसते. अंडी घालण्याच्या अवयवाला करवतीसारखे दाते असतात. त्याने मादी पान चिरून आत अंडे ठेवते. यावरूनच हे नाव पडले.

गण समजला, पण जाती कशी ठरवावी? यासाठी युरोपातील विलो वृक्षाचे उदाहरण बोधप्रद आहे. आपल्याकडील वाळुंज हा त्याचाच सगोत्र. विलोच्या कोवळ्या पानात एक करवत माशी अंडे घालते आणि त्या जागी, पानाच्या दोन्ही अंगांस फुगलेली, घेवड्याच्या दाण्यासारखी तांबूस गाठ तयार होते. अळी तीत राहून आतला गर खाते. गाठी करणाऱ्या या माशा एकमेकींसारख्या दिसतात. नुसत्या माशीवरून जाती सांगणे कठीण जाते. परंतु झाड कोणते व गाठ कशी, हे पाहिले की पुष्कळ उलगडा होतो. जांभळट फांद्यांच्या विलोवर पानाच्या खालच्या अंगास वाटाण्यासारखी गोल गाठ आढळते. ती निराळ्या जातीची.

तांबूस गाठीच्या माशीचे वर्णन १८२३ साली झाले. पुढे ती पोंटेनिया या प्रजातीत गणली जात असे. २०१४ साली संशोधकांनी अशा अनेक प्रजाती एकत्र केल्या, तेव्हा ती ‘यूउरा प्रॉक्सिमा’ झाली. नाव बदलले; गाठ होती तशीच राहिली.

विद्यार्थिमित्रहो, नाव देण्याची घाई करू नका. आधी झाड ओळखा, पाय मोजा, पाहिलेले वहीत टिपून ठेवा. त्या दिवशी फळ्यावरील आमचे उत्तर त्या विद्यार्थ्यानेच पुसले आणि तेथे पायांची संख्या लिहिली.