मोटारसायकलीच्या प्लगाचे गेलेले आटे

मोटारसायकलीच्या हेडांत ज्या छिद्रांत ठिणगीचा प्लग बसतो, त्या छिद्राचे आटे गेले आहेत असें कारागिरानें सांगितलें, म्हणजे तें किरकोळ दुखणें आहे असें पुष्कळांस वाटतें. प्लग तो केवढासा. घट्ट बसत नसेल तर कांहीं तरी लावून बसवून द्यावा, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती कां चुकीची आहे हें कळण्यास शाळेंत शिकलेलें थोडें गणित पुरे आहे.

प्रचारांतील अनेक प्लगांच्या आट्यांचा व्यास १४ मि.मी. असतो. त्या छिद्राचें क्षेत्रफळ सुमारें १.५४ चौरस सें.मी. भरतें. पेट्रोलची वाफ व हवा यांचें मिश्रण पेटतें त्या क्षणीं सिलिंडरांतील दाब दर चौरस सें.मी.स ५० किलोग्रॅम धरला, तर प्लगास बाहेर ढकलणारा जोर ७७ किलोग्रॅम वजनाइतका, म्हणजे एका धडधाकट माणसाच्या भाराइतका होतो. चार टप्प्यांचें एंजिन मिनिटास ६,००० फेरे घेत असेल तर असे धक्के सेकंदास ५० बसतात. आट्यांचा भाग १२.७ मि.मी. लांब व दोन आट्यांमधील अंतर १.२५ मि.मी. असेल, तर हा सारा भार अवघ्या दहा फेऱ्यांनीं तोलावयाचा असतो. शिवाय प्लगाच्या टोकाची बरीचशी उष्णता याच आट्यांतून व वायसराखालच्या बैठकींतून हेडांत उतरते. ती वाट बंद झाली कीं प्लग अतिशय तापतो, ठिणगी पडण्यापूर्वींच मिश्रण पेटूं लागतें, आणि अशा वेळीं दट्ट्यास, म्हणजे पिस्टनास, भोंकही पडूं शकतें.

हेड ॲल्युमिनमचें व प्लग पोलादाचा. या विषम जोडींत झीज नेहमीं हेडाचीच होते. प्लग तिरपा लागला असतांना पान्यानें जोर करणें, गरम एंजिनांतून प्लग काढणें, लांब दांड्याचा पाना घेऊन आवळणें, हीं तिची मुख्य कारणें होत. त्यांतही पहिलें कारण सर्वांत घातक. प्लगाच्या वरच्या टोकास रबरी नळीचा तुकडा अडकवून त्यानेंच तो फिरवावा. आटा तिरपा लागूं लागला तर नळी घसरते, आणि प्लग व हेड दोन्हीं वाचतात. प्रथम किंचित् उलट फिरवावें, आटा जाग्यावर पडल्याचें बोटांस कळतें, मग सुलट. नवा वायसर असेल तर बैठक लागल्यावर पान्यानें सुमारें अर्धा फेरा पुरतो. हिरो होंडा स्प्लेंडरसारख्या लहान गाडीचा प्लग १० मि.मी.चाच असतो, त्यास १० ते १२ न्यूटन-मीटरचा पीळ बस्स होतो. १४ मि.मी.च्या प्लगास २५ ते ३० लागतो. मोठ्या प्लगाची संवय झालेला हात लहान प्लगाचे आटे सहज ओरबाडून काढतो.

आतां दुरुस्ती. केवळ पहिला दुसरा आटा दबला असेल तर जुन्याच मापाच्या टॅपानें ते साफ करून काम भागतें. परंतु प्लग नुसताच फिरत राहतो, किंवा त्याच्या आट्यांत पांढऱ्या धातूचा कीस अडकून येतो, तेव्हां हेडाचे आटे संपलेच असें समजावें. अशा छिद्रांत टेप गुंडाळून अथवा रासायनिक लेप भरून प्लग बसविणारे कारागीर आहेत. लेप त्या उष्णतेंत टिकत नाहीं, आणि तोपर्यंत उष्णतेची वाटही तो अडवून धरतो.

खरा उपाय म्हणजे छिद्र मोठें करून त्यांत नवे आटे घालणें. खास टॅपाचा खालचा भाग जुन्या मापाचा असतो. तो उरल्यासुरल्या आट्यांतून सरळ वाट काढतो, आणि वरचा भाग सुमारें दीड मि.मी. अधिक व्यासाचे आटे पाडतो. त्यांत न गंजणाऱ्या पोलादी तारेची वेटोळी स्प्रिंग फिरवून बसवितात. ती मोकळी असतांना छिद्राहून किंचित् मोठी असल्यामुळें आपल्याच ताणानें घट्ट राहते. तिचें वरचें टोक बैठकीच्या एक आटा खालीं असावें व खालचें टोक ज्वलनाच्या पोकळींत डोकावूं नये. डोकावलेलें टोक लाल होऊन तेंच ठिणगीचें काम करूं लागतें. जेथें प्लग वारंवार काढावा लागतो तेथें मला वरच्या कांठास खांदा असलेलें भरीव पोलादी बुश अधिक पसंत आहे. खर्च जास्त येतो, पण तें प्लगाबरोबर उलगडून वर येण्याची भीति कमी.

हेड उतरवावें कीं जागच्या जागीं टॅप मारावा, यावर कारागिरांत मतभेद आहेत. १९५५ पासून मद्रास येथें जुळविल्या जाऊं लागलेल्या बुलेटच्या जुन्या एंजिनांत सिलिंडर बिडाचें व हेड ॲल्युमिनमचें असे. तिचें हेड उतरविणें फारसें अवघड नाहीं, म्हणून उतरवावेंच, व बसवितांना नवें गॅस्केट घालावें. वर कॅम असलेल्या एंजिनांत साखळीचें टायमिंग बिघडण्याचें भय असतें, म्हणून लोक जाग्यावर काम करतात. तसें करणें भागच असेल तर दट्ट्या वरच्या टोकापासून खालीं घ्यावा, झडपा मिटलेल्या ठेवाव्या, टॅपाच्या खोबणींत दाट ग्रीस भरावें, आणि दर अर्ध्या फेऱ्यास टॅप बाहेर काढून, पुसून, पुन्हां ग्रीस भरावें. एवढें करूनही कीस आंत पडला तर तो लांब नळीच्या शोषकानें ओढून घ्यावा. ज्या घरचा रोजगार या गाडीवर चालतो, त्यांनीं हा एक तास वांचवूं नये. सिलिंडरास ओरखडे पडले तर नव्या हेडाच्या किंमतीवर सिलिंडराचाही खर्च पडतो.

काम झाल्यावर थंड एंजिन सुरू करून प्लगाच्या बैठकीभोंवतीं साबणाचें पाणी सोडावें. बुडबुडे उठले तर वायसर किंवा बैठक तपासावी. पहिल्या फेरीनंतर एंजिन पूर्ण निवालें कीं प्लग एकदां काढून पाहावा. स्प्रिंग आपल्या जागीं राहिली असेल तर गाडी मालकाच्या हवालीं करण्यास हरकत नाहीं.