पांढरीच्या टेकाडावरचे प्रश्न

जळगावच्या पिंप्राळ्यात आमच्या ओट्यावर रविवारी संध्याकाळी माणसं जमतात. कपाशी आणि केळी करणारे शेतकरी, एक निवृत्त तलाठी, विद्यापीठात शिकणारी मुलं-मुली, शेजारच्या काकू. विषय ठरलेला नसतो, पण बोलणं फिरून फिरून तिथेच येतं: माणूस आला कुठून, त्याला जगाविषयी कळायला कसं लागलं, आणि तो असा का वागतो. मी जन्मभर शाळेत इतिहास आणि विज्ञान शिकवलं. वर्गात या प्रश्नांना वेळ मिळत नाही, धडा संपवायचा असतो. ओट्यावर वेळच वेळ आहे. तिथे जे उमगलं ते लिहून ठेवतो आहे.

1. मोठा प्रश्न घराजवळून विचारायला लागावं.

मानवजातीचा इतिहास म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे आफ्रिका येते, युरोपातल्या गुहा येतात, पिरॅमिड येतात. चाळीसगाव येत नाही. चाळीसगावजवळ सातमाळ्याच्या पायथ्याशी पाटणे गाव आहे. नवरात्रात आपण पाटणादेवीला जातो, धबधबा बघतो आणि परततो. याच पाटण्याला पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी 1970 नंतरच्या दशकात उत्खनन केलं. दगडी हत्यारांचे थर एकाखाली एक निघाले आणि त्यांत शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले. कवचाच्या एका तुकड्यावर तर कुणीतरी आडव्या-तिरप्या रेघा मुद्दाम कोरलेल्या होत्या. काळ आजपासून सुमारे 25 हजार वर्षांपूर्वीचा. तेव्हा शेती नव्हती, गाव नव्हतं, मडकंही नव्हतं.

कवच पातळ आणि ठिसूळ. ते फोडायचं, नखाएवढा तुकडा निवडायचा, गारगोटीच्या टोकाने त्याला भोक पाडायचं आणि कडा घासून गोल करायच्या. त्यात निम्मे तुकडे हातातच मोडत असतील. हा मणी पोट भरत नव्हता, थंडी अडवत नव्हता. तरीही आपल्याच जिल्ह्यातल्या कुणा बाईने किंवा बाप्याने त्यावर दिवस घालवला. पोट भरल्यावरच माणसाला सुंदर काही सुचतं, असं ओट्यावर कुणी म्हणालं की मी हा मणी पुढे ठेवतो. मला तो राजांच्या सनावळीपेक्षा मोलाचा वाटतो.

2. उत्तर ऐकलं की लगेच विचारावं, हे कळलं कसं?

पाटण्याची गोष्ट सांगितली तेव्हा एका मुलीने विचारलं, “पन सर, हे सांगाले तठी कोन होतं?” ओट्यावर आजवर आलेला हा सर्वांत चांगला प्रश्न. त्याचं उत्तर द्यायला पुढचे कित्येक रविवार गेले आणि ते सत्कारणी लागले.

सजीवाच्या शरीरात कार्बनचा एक किरणोत्सारी प्रकार असतो, कार्बन-14. जीव जिवंत असेपर्यंत तो हवेतून आणि अन्नातून भरत राहतो. जीव गेला की भरणं थांबतं आणि साठा आटत जातो. दर 5,730 वर्षांनी राहिलेल्यातला निम्मा जातो. 25 हजार वर्षांनंतर मूळच्या शंभर भागांतले जेमतेम पाच उरतात. ते मोजता येतात, म्हणून काळ सांगता येतो. साधारण 50 हजार वर्षांपलीकडे उरतंच इतकं थोडं की ही रीत चालत नाही, तिथे दुसऱ्या रीती लागतात. ही मर्यादासुद्धा मुलांना सांगायची असते. जी पद्धत स्वतःची हद्द सांगते तिच्यावर विश्वास बसतो.

तलाठी आप्पांची शंका वेगळी होती. शहामृग आपल्याकडे होतंच कुठे? कुणी बाहेरून कवच आणलं नसेल कशावरून? शंका रास्त होती. तिला पुरावा मिळाला 2017 मध्ये. रुरकीची आयआयटी आणि हैदराबादची सीसीएमबी इथल्या शास्त्रज्ञांनी भारतात सापडलेल्या जुन्या कवचांतून डीएनए काढला आणि आफ्रिकेतल्या शहामृगाशी त्याचं नातं दाखवून दिलं. शहामृगं या भूमीवर नांदत होती. मणी सापडला 1970 च्या दशकात, त्याला बळ देणारा पुरावा चार दशकांनंतरचा. प्रश्न इतका काळ थांबू शकतो, हे मुलांच्या मनावर ठसलं.

3. उत्तरामागे आणखी एक प्रश्न उभा असतो. तो टाळू नये.

पृथ्वी कशावर टेकली आहे? कुणी शेष म्हणे, कुणी हत्ती, कुणी कासव. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये, वयाच्या 36 व्या वर्षी, ‘सिद्धांतशिरोमणि’ लिहिला. त्यातल्या गोलाध्यायात ते याच ठिकाणी बोट ठेवतात. आधाराला आधार हवा, त्यालाही आणखी एक हवा, याला अंतच नाही. शेवटी कुणीतरी स्वतःच्या बळावर उभा आहे असं मानावंच लागणार, मग तो मान पृथ्वीलाच का देऊ नये? पृथ्वी सपाट का दिसते याचंही त्यांचं उत्तर तितकंच स्वच्छ आहे. मोठ्या वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सरळच दिसतो. पृथ्वी प्रचंड आणि तिच्यावरचा माणूस एवढासा, म्हणून त्याला ती सपाट भासते.

न्यूटनच्या पाचशेहून अधिक वर्षं आधीची ही वाक्यं. ती ऐकून काही जण म्हणतात, गुरुत्वाकर्षण आपणच शोधलं. मी त्यांना थांबवतो. पृथ्वी वस्तूंना ओढते हे भास्कराचार्यांनी लिहिलं. ती ओढ किती, अंतराबरोबर ती कशी घटते आणि चंद्रालाही तीच कशी लागू पडते, याचं गणित न्यूटनने मांडलं. दोन्ही कामं आपापल्या जागी थोर आहेत. भास्कराचार्यांना दुसऱ्याच्या पदव्या उसन्या देणं म्हणजे त्यांचा तर्क न वाचणं होय.

4. ज्ञान टिकतं ते कुणीतरी त्याचा खर्च उचलतो म्हणून.

पुन्हा पाटण्यालाच यावं लागतं. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघणाचे ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांनी इथे मठ काढला. तशी नोंद असलेला 1207 च्या सुमाराचा शिलालेख इथेच आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी 1865 मध्ये तो विद्वानांपुढे आणला. लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे, दानाचा तपशील मात्र त्या काळच्या मराठीत. तो वाचताना माझं मन भरून येतं. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर ग्राहकाकडून राजाला मिळणारा कर मठाला दिलेला आहे. तेलाच्या घाण्यांमागे पळीपळी तेल दिलेलं आहे. ग्रहगणित शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या दिव्यात गावातल्या तेल्याचं तेल जळत होतं! विज्ञानाचा इतिहास लिहिताना या तेल्याला वगळून चालणार नाही.

अमळनेरला 1916 मध्ये प्रतापशेठांनी तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं, तेही कापड गिरणीच्या पैशातून. साने गुरुजी अमळनेरला आले ते आधी तिथे तत्त्वज्ञान शिकायला, शाळेत शिकवायला नंतर गेले. गिरणीच्या गावात लोक बसून ‘सत् म्हणजे काय’ यावर वाद घालत होते, याचा खानदेशाला अभिमान वाटायला हवा.

5. काय घडलं ते हाडं सांगतात. का घडलं ते आपण म्हणत असतो.

पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 पासून वर्षानुवर्षं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या या शेतकऱ्यांच्या वस्तीत लहान मुलं घराच्या जमिनीखाली पुरलेली आढळली, दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांच्या पोटात ठेवलेली. मोठ्या माणसांचे पाय मात्र बहुधा घोट्याखाली तोडलेले. हे ऐकलं की ओट्यावर शांतता पसरते, आणि मग दोन तट पडतात. एक म्हणतो, मेलेला भूत होऊन परत फिरेल या भीतीने पाय तोडले. दुसरा म्हणतो, आपलं माणूस घर सोडून जाऊ नये म्हणून. भीती की माया? हाडांवर ते लिहिलेलं नाही.

मुलांच्या मडक्यांकडे पाहून माझा कौल मायेकडे जातो. पण तो माझा कौल आहे, पुरावा नव्हे, हे मी दरवेळी सांगतो. मानवी स्वभावावर बोलताना या दोहोंतली रेघ सगळ्यांत आधी पुसली जाते.

6. संशोधकाचे कागद जपावेत, त्याचे निष्कर्ष तपासावेत.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून वाड्यांतले, माळ्यांवरचे कागद वाचवले. 1926 च्या 31 डिसेंबरला धुळ्यात ते गेले, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे आजही आहे. विवाहसंस्था कशी घडली यावर त्यांनी लिहिलं तेव्हा वादळ उठलं. त्यातली कित्येक अनुमानं आज टिकत नाहीत. प्रश्न विचारायचं धैर्य टिकतं.

7. “माणूस मुळात स्वार्थीच” हे वाक्य ऐकलं की उलट उदाहरण शोधावं.

मला लांब जावं लागत नाही. आषाढी एकादशीला पिंप्राळ्यात विठ्ठलाचा रथ निघतो. दोर ओढणारे एकमेकांना ओळखतातच असं नाही. चाकाखाली मोगरी लावणारा माणूस अवजड रथाच्या अगदी चाकाजवळ वाकतो, तो मागच्या अनोळखी गर्दीच्या भरवशावर. याच गर्दीत खिसे कापणारेही असतात, दोन्ही खरं आहे. अनोळखी माणसं इतक्या संख्येने एकत्र काम कशी करतात, हा मानवशास्त्रातला जिवंत प्रश्न आहे आणि तो दरवर्षी आपल्या दारावरून जातो.

8. पांढरी उकरू नये.

तापी-गिरणेच्या खोऱ्यांत जुन्या वस्त्यांची पांढरी टेकाडं आहेत. प्रकाशे, सावळदे, बहाळ, टेकवाडे, साक्री तालुक्यातलं कावठे. प्रकाशाला बी. के. थापर यांनी 1955 मध्ये खणलं, बहाळ-टेकवाड्याला म. न. देशपांडे यांनी त्याच दशकात. तापीखोऱ्यातल्या वस्त्यांचा अभ्यास करणारे डॉ. वसंत शिंदे पुढे हडप्पा संस्कृतीच्या राखीगढीला गेले. तिथल्या एका स्त्रीच्या सांगाड्यातल्या डीएनएवरचा त्यांचा 2019 चा निबंध जगभर वाचला गेला. म्हणजे जगाच्या प्रश्नांकडे जाणारी एक वाट आपल्या पांढरीवरून गेलेली आहे.

आणि आपण ही माती धाब्यावर पसरायला, शेतात टाकायला ट्रॉल्या भरभरून नेतो. हल्ली जेसीबी लावतात, मग एका दिवसात टेकाड सपाट होतं. थर एकदा मिसळले की कुठली वस्तू कुठल्या थरातली हे कुणालाच सांगता येत नाही, कार्बन-14 लाही नाही. माझी खानदेशातल्या शेतकऱ्यांना, सरपंचांना, ट्रॅक्टरवाल्यांना हात जोडून विनंती आहे. पांढरीत रंगीत नक्षीचं खापर, मणी, हाड, राख दिसली तर काम थांबवा. वस्तू उचलू नका, जागेचा फोटो काढा आणि तहसील कार्यालयाला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा. गावातल्या शाळेच्या मास्तरांनाही बोलवा, पोरं घेऊन ते धावत येतील.